गाडी कण्हते आहे

परवा एक बाई गाडी घेऊन आल्या. कागलजवळच्या शाळेत शिकवतात, कोल्हापुरातून रोज जाऊन-येऊन करतात. मी नेहमीसारखं विचारलं, "काय होतंय, मॅडम?"

"कण्हते."

पाना हातातच राहिला. चौतीस-पस्तीस वर्षं गाड्यांची गाऱ्हाणी ऐकतोय. आवाज येतो, व्हायब्रेट होते, जरा चेक करा, हे रोजचं. कण्हते असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. पुढचं विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "साठच्या पुढं गेली की सुरू होतं. डावीकडं वळण आलं की वाढतं, उजवीकडं वळली की गप्प. आमच्या सासूबाई झोपेत एका कुशीवर वळल्या की कण्हतात ना, तसं."

डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या अंगावर येतो. उजव्या कुशीचं दुखणं होतं ते. जॅक लावला, पुढचं उजवं चाक उचललं, एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंगला काही कळत नाही. इथं बोटांना खरखर लागली, सुपात तांदूळ हलवावेत तशी. प्रेसवर बेअरिंग उतरवून कापलं, तर आतल्या कड्यावर तांदळाच्या कणीएवढा खड्डा. साठच्या वेगाला लहान गाडीचं चाक सेकंदाला नऊ-दहा फेरे मारतं, आणि दर फेऱ्याला छर्रे त्या कणीएवढ्या खड्ड्यावरून जात होते. कण्हणारच.

बाई गेल्या. तो शब्द मात्र दिवसभर गॅरेजात राहिला.

आपल्या भाषेत आवाजाला किती नावं आहेत, आणि प्रत्येक नाव जागेवर बोट ठेवतं. खडखड म्हटलं की काहीतरी मोठं सैल झालंय, सायलेन्सरचा हँगर नाही तर शॉकअपचा नट. खुळखुळ म्हणजे बंद डब्यात काहीतरी लहान सुटलंय. सायलेन्सरच्या आधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून फुटला की अगदी बाळाच्या खुळखुळ्यासारखा वाजतो. करकर रबरी बुशची, कोरडी पडली की. पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी वळवली आणि चाकाशी कटकट झाली, तर एक्सलचा जॉइंट गेला. ब्रेक पॅडमधली चिरचिर तर बनवणाऱ्यानंच मुद्दाम ठेवलेली असते. पॅड झिजत आलं की पोलादाची एक पातळ पट्टी डिस्कला टेकते आणि हाक मारते. मला ही पट्टी फार आवडते. कुणीतरी कारखान्यात बसून, कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी ती तिथं लावून ठेवलेली असते.

आणि घरघर. ही जात्याची, आणि शेवटच्या श्वासाचीही. गिऱ्हाईक घरघर म्हणालं की मी आधी ऑईलची पट्टी बाहेर काढतो.

माझं ऐकणं गॅरेजात सुरू झालं नाही. आमचं रान नदीकाठाला. वडिलांच्या पंपाला डिझेलचं इंजिन होतं, पुकपुक करणारं. पाणी उचलत असेल तर आवाज जड असतो, पोटातून येतो. फूटव्हॉल्व्हनं पाणी सोडलं की तोच आवाज हलका होतो, पळायला लागतो. उसात खुरपणारी आई मान वर न करता म्हणायची, "जा रे, पाणी सुटलं." तिनं इंजिन कधी उघडून बघितलं नव्हतं.

1990 साली दहावीत राहिलो आणि उद्यमनगरात वस्तादांच्या हाताखाली लागलो. कोल्हापुरात तालमीत शिकवणारा वस्ताद, तसा गॅरेजात शिकवणाराही वस्तादच. त्यांच्याकडं दीड फुटी स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्यानं स्क्रू फिरवलेला मी कधी बघितला नाही. मुठीच्या टोकाला खाचा होत्या. उंदरानं कुरतडलं असेल असं मला वाटायचं.

1992 च्या पावसाळ्यात गारगोटीकडच्या एका डॉक्टरांची पद्मिनी आली. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. इंजिनातून ठकठक येत होती. दुसऱ्या एका गॅरेजात सांगितलं होतं, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. डॉक्टरांनी पैशांची जुळवाजुळव करून गाडी आमच्याकडं आणली होती.

वस्तादांनी शेजारच्या लेथवाल्याला हाक मारली, "दोन मिनिटं थांबव रं." लेथ थांबलं. पलीकडचा ग्राइंडर थांबला. कुणीतरी रेडिओ बंद केला. उद्यमनगरात भरदिवसा तेवढी शांतता मी पुन्हा ऐकली नाही. वस्तादांनी बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या ब्लॉकला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. टोक खाली चेंबरपाशी नेलं, मग वर, मग पुढं. मध्येच डाव्या हाताचं बोट मडगार्डवर वाजवायला लागले, टक, टक. मग प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि लावल्या. रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर त्या सिलिंडरचा प्लग तोडला की ठोका मऊ पडतो. चारही काढून बघितल्या, ठोका तसाच.

"मोज," मला म्हणाले. मी बावरलो. त्यांनी माझं बोट धरून मडगार्डवर ठेवलं. क्रँकचे दोन फेरे, ठोका एक. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो. म्हणजे ठोका खालचा नव्हता, कॅमवर चालणाऱ्या कशाचा तरी होता. स्क्रू ड्रायव्हर शेवटी पेट्रोल पंपावर येऊन थांबला.

इंजिन बंद केलं, पंप उतरवला. पंपाच्या भोकावर मला पुठ्ठा दाबून धरायला लावला आणि पुन्हा स्टार्टर मारला. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा मिनिट चाललं. माझ्या हातावर गरम ऑईल उडत होतं आणि ठकठक नव्हती. नुसता चार सिलिंडरचा सरळ, गोल आवाज. पंपाच्या लिव्हरची पिन झिजली होती, एवढंच. नवा पंप बसवला, मजुरी वीस रुपये. डॉक्टर बराच वेळ तसेच उभे होते. मग त्यांनी वस्तादांच्या काळ्या हाताला हात लावून नमस्कार केला.

संध्याकाळी मी विचारलं, "दातात का धरता?"

"कान गेलं रं," ते म्हणाले. "चिमण्या ऐकू येऊन धा वर्सं झाली."

त्यामागचं कारण मला नंतर कळलं. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वरच्या आवाजात काढले की कान हळूहळू जातो, आणि बारीक आवाज आधी जातात. चिमणी जाते, नातीची हाक जाते. इंजिनचा जड ठोका शेवटपर्यंत उरतो, आणि तो हाडातून पोचतो. वस्तादांनी जे उरलं होतं त्याच्यावर वीस वर्षं काम केलं.

आता बहुतेक पेट्रोल इंजिनांच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बोल्टनं आवळलेला असतो. आत दाबावर वीज देणारा स्फटिक. सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून ठोका पडला की तो ऐकतो, आणि कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो. ठरलेल्या टॉर्कवरच आवळावा लागतो. सैल राहिला किंवा जास्त घट्ट झाला तर चुकीचं ऐकतो. पहिला सेन्सर बसवला तेव्हा मला वस्तादांचे दात आठवले.

माझ्याकडं स्कॅनर आहे, मी त्याच्याशिवाय काम करत नाही. फॉल्ट कोड खोटं बोलत नाही. पण तो सेन्सरला जेवढं कळतं तेवढंच सांगतो, आणि बाईंच्या बेअरिंगचा कोड कुठंही आला नव्हता. इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्यापासून तर नवीनच झालंय. इंजिनचा आवाज नाही, म्हणून टायर, बुश, बेअरिंग सगळं उघडं ऐकू येतं. लोक घाबरून येतात, गाडी नवी आहे आणि आवाज करते म्हणून. मी म्हणतो, आधीच्या गाड्याही करत होत्या, आता फक्त ऐकू येतं.

वस्तादांचा तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या खणात आहे. खंडेनवमीला सगळे पाने धुऊन मांडतो, झेंडूची फुलं वाहतो, तेव्हा तो मध्ये असतो. दातांच्या खाचांत कुंकू साठतं. गॅरेजातल्या तिन्ही पोरांना ग्राइंडर चालवताना कानात बोळे घालायला लावतो, नाही म्हणाले तरी. त्यांना चिमण्या ऐकू यायला हव्यात.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. आठवड्यातून एकदा, रिकाम्या रस्त्यावर, गाणी बंद करून काच खाली करा आणि दोन किलोमीटर नुसती गाडी ऐका. काही वेगळं वाटलं तर मेकॅनिककडं जा. कुठला पार्ट गेला ते त्याला सांगू नका, ते त्याचं काम आहे. तुमच्या तोंडात पहिला जो शब्द आला, तुमच्या आईचा, आजीचा, गावाकडचा, तो जसाच्या तसा सांगा. निम्मं काम तिथंच होतं.