तवंग

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी आजोळी जाऊन आलो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. घरच्या मंडळींपैकी काहींनी ती फोनवर अर्धी ऐकली आहे. उरलेली अर्धी, म्हणजे माझ्या शहाणपणाची, आज लिहून टाकतो.

माझं आजोळ रत्नागिरीजवळ, खाडीकाठी. मामाची मासेमारीची बोट आहे, लाकडी, आत डिझेल इंजिन. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी बोट आतून साफ करायची आणि मग काठावर ओढायची, हे दरवर्षीचं काम.

ज्यांनी बोट फक्त फोटोत पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या खाली, बोटीच्या अगदी तळाशी एक खोलगट जागा असते. तिला बिल्ज म्हणतात. बोटीत शिरलेलं पाणी शेवटी तिथेच जमतं. पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथून थेंब थेंब पाणी येतं, आणि ते थोडं यायलाही हवं, त्यानेच तिथली पॅकिंग थंड राहते. पण त्या पाण्यात इंजिनातून झिरपलेलं ऑइल मिसळतं, फिल्टर बदलताना सांडलेलं डिझेल मिसळतं... आणि काही महिन्यांत काळं रबरबीत कालवण तयार होतं. वास असा, की एकदा नाकात बसला की बांगड्याच्या तिखल्यावरूनसुद्धा मन उडावं!

मामा हे पाणी पंपाने सरळ खाडीत सोडायचा. सगळेच सोडायचे. मग पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरायचा आणि मामी काठावरून ओरडायची, "पोरं पोहतात तिथे, काय हे!"

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन गेलो होतो. विज्ञान शाखा! घरातली कपडे धुवायची पावडर आणली, दोन मोठे डबे भरून आत ओतली, काठीने घुसळली आणि मामाला म्हटलं, आता लाव पंप. बाहेर आलं ते दुधट पाणी. तवंग नाही, काही नाही. मामाने पाठ थोपटली. मामीने त्या दिवशी घावने केले. पुढच्या वर्षापासून पावडरीची गोणी सामानाच्या यादीत आली, आणि शेजारच्या बोटींवरही गेली. मी वाडीतला लहानसा शास्त्रज्ञ झालो :-)

हा मोठेपणा बरीच वर्षं टिकला. तो उतरवला माझ्या मामेभावाने. दादा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये असतो. आम्ही पडवीत बसून 7 ऑगस्ट 2010 च्या त्या अपघाताबद्दल बोलत होतो. मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजं एकमेकांवर आदळली आणि समुद्रात तेल सांडलं, तो अपघात. मी जहाजवाल्यांना यथेच्छ शिव्या देत होतो. दादा शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे तेलकट पाणी आधी यंत्रातून जातं. दहा लाख भागांत 15 भागांपेक्षा जास्त तेल असेल तर ते समुद्रात सोडता येत नाही, आणि त्याची वहीत नोंद ठेवावी लागते. तू काय करतोस? साबण टाकतोस."

मग त्याने समजावलं. साबणाने तेल नाहीसं होत नाही. त्याचे अगदी बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात खोलवर पसरतात. वर तरंगणारं तेल निदान टिपून घेता येतं. साबण घातला की तेही हातचं जातं. शिवाय साबणाने माशांच्या कल्ल्यांना इजा होते ती वेगळीच. आणि तिसऱ्या, कालवं तर पाणी गाळूनच जगतात. ते थेंब त्यांच्या पोटात जातात.

तिसऱ्यांचं नाव निघालं तेव्हा मामी आतून म्हणाली, "म्हणून तर मी आपल्या बोटीखालच्या चिखलात जात नाही. घासलेटाचा वास येतो त्यांना. पलीकडच्या काठाला जाते."

किती वर्षं जातेस, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ओहोटीला कंबरेएवढ्या पाण्यातून ती पलीकडे जाते, टोपली डोक्यावर घेऊन. आणि आम्ही पुण्याहून गेलो की त्याच तिसऱ्यांचं सुकं मिटक्या मारत खातो.

तर या मे महिन्यात पावडरीची गोणी उघडली नाही. आधी मेकॅनिकला बोलावून इंजिनाची गळकी गॅस्केट बदलली. तेल आत येतच राहिलं तर साफ करून काय उपयोग? इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे बसवला. रात्रभर बोट शांत ठेवली. सकाळी तेल वर आणि पाणी खाली, असं छान वेगळं झालं होतं. दादाने तेल टिपणारी पांढरी पॅडं आणली होती. ती पॉलिप्रॉपिलीनची असतात, तेल पितात, पाणी पीत नाहीत. पाहून मामाही चकित झाला. जाड थर मगने काढून कॅनमध्ये भरला, उरलेला पॅडांनी टिपला. मग पंपाचं तोंड तळाशी ठेवून पाणी आधी ड्रममध्ये घेतलं, त्यावर तवंग दिसला की पुन्हा पॅड. शेवटचं बोटभर पाणी पंपाने काढलंच नाही, तेही कॅनमध्ये भरलं. जे काम तासाभरात व्हायचं त्याला दीड दिवस लागला.

मामा कुरकुरला. "हा कॅन आता डोक्यावर घेऊ?" त्याचं खोटं नव्हतं. आमच्या धक्क्यावर असं तेल घेणारं कुणी नाही. शेजारच्या काकांनी कुंपणाच्या खांबांना लावायला मागितलं, वाळवी लागत नाही म्हणून. नाही म्हणताना जड गेलं, पण जळकं ऑइल तिथून पावसाबरोबर पुन्हा खाडीतच येणार. दोन कॅन आणि तेलकट पॅडांची पिशवी मी गाडीत घालून रत्नागिरीला नेली. परवाना असलेल्या खरेदीदाराला जुनं ऑइल देणारं गॅरेज शोधण्यात अख्खी दुपार गेली. कॅन घेतले त्यांनी. पॅडांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. ती पिशवी परत आली आणि अजून मामाच्या पडवीत, बंद डब्यात आहे. तिचं काय करायचं ते कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.

निघताना मामीला म्हटलं, आता थोड्या वर्षांनी इथल्या तिसऱ्या खाता येतील. ती हसली. चिखलात मुरलेलं तेल लवकर निघत नाही, हे तिला माझ्याआधीपासून माहीत आहे. दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती नेहमीसारखीच पलीकडे गेली.

मी काठावरून बघत होतो. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं. पण तसं तर ते पावडर टाकल्यावरही दिसायचं.

असो.