आईचा वेग

यंदा श्रावणात आईला शंभर वर्षं पूर्ण झाली असती. त्या निमित्ताने सगळ्यांनी दादाकडे नौपाड्याला जमायचं आणि आईची कॅसेट ऐकायची असं ठरलं. कॅसेट माझ्याकडे होती, त्यामुळे ती 'कॉम्प्युटरवर घ्यायची' जबाबदारीही माझ्यावर आली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे शिकताना जी फजिती झाली ती लिहून ठेवते आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कॅसेट १९८६ सालची. आम्ही तेव्हा डोंबिवलीला रामनगरमध्ये राहत होतो. श्रावणातला शुक्रवार होता, दिवे गेले होते, आणि आई कहाणी सांगायला बसली होती. मी टू-इन-वनमध्ये सेल घातले आणि बटण दाबलं. कहाणी, मग जात्यावरच्या थोड्या ओव्या, मग गप्पा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरली.

कल्याणची नात रविवारी आली, तिने दादाचा जुना डेक जोडून दिला आणि ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. हे फुकट मिळतं बरं का. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते सुरू झालं आणि २००० साली लोकांसाठी खुलं झालं. आवाज पडद्यावर निळ्या लाटांसारखा दिसतो. नात म्हणाली, "आजी, आता तूच कर."

ऐकलं आणि धसकाच बसला. आई घाईघाईत, बारीक आवाजात बोलत होती. शेवटी शेवटी तर एखादी शाळकरी मुलगी बोलावी तसं. डेक बिघडला असेल म्हणून एक विकतची गाण्यांची कॅसेट लावून पाहिली. तेच गाणं माझ्याकडे सीडीवरही आहे. दोन्ही अगदी बरोबरीने चालली. म्हणजे डेक निर्दोष, दोष रेकॉर्डिंगमध्ये.

वेग कमी करायचा तर मेनूत 'चेंज टेम्पो' दिसलं. वीस टक्के कमी केलं. वेग उतरला, पण आवाज तसाच बारीक राहिला आणि वर एक नवीन दुखणं आलं. 'टोपली'चं 'टटोपली' ऐकू येऊ लागलं, मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक 'टिटिक टिटिक' झाली. क्लिपची कड ऑल्टचं बटण धरून ओढली की लांबी वाढते असं नातीने सांगितलं होतं (३.४ या आवृत्तीपासून ही सोय आहे), तेही करून पाहिलं. रडगाणं तेच.

मग नातीने फोनवर कारण समजावलं. स्वर न बदलता वेळ ताणायची म्हणजे सॉफ्टवेअर आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश भागांएवढे तुकडे करतं आणि ते एकमेकांवर चढवून, काही पुन्हा वाजवून लांबी भरून काढतं. तंबोऱ्यासारखा सलग आवाज असेल तर सांधे कळत नाहीत. पण 'ट', 'क' किंवा घड्याळाचा ठोका दोनदा वाजला की लगेच कानाला टोचतो. गोधडीला ठिगळ लावल्यासारखंच ते. साध्या रंगात खपून जातं, नक्षीवर उठून दिसतं.

मुळात माझ्या कॅसेटला ताणायची गरजच नव्हती. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. सेल उतरले की मोटर मंदावते, फीत कमी सरकते. पुढे चांगल्या डेकवर तीच फीत पूर्ण वेगाने फिरली की वेग आणि स्वर दोन्ही एकदम चढतात. तेव्हा दोन्ही एकदमच उतरवायला हवेत. त्यासाठी 'चेंज स्पीड' आहे. त्यात तुकडे पाडण्याची भानगड नाही.

पण किती उतरवायचं? मी कान हाच प्रमाण मानला. आई बोलायला लागेल अशा ठिकाणी थांबत थांबत वीस टक्के कमी केलं आणि डोळ्यांत पाणी आलं. हीच आई! सावकाश, जड, एकेक शब्द तोलून बोलणारी. फाईल दादाला पाठवली.

रात्री त्याचा फोन आला. "हे काय केलंस? ही आई नाही."

"दादा, चार वर्षं मी तिच्याजवळ होते. मला तिचा आवाज माहीत नाही?"

"म्हणूनच म्हणतोय. ही तुझ्या घरातली, शेवटची आई आहे. त्याच्या आधी ती कशी बोलायची, आठवत नाही तुला?"

फार लागलं मला ते. १९९४ साली आईला अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर १९९८ पर्यंत ती माझ्याकडेच होती. तिची वाचा मंद झाली होती आणि मी शब्दाशब्दाला थांबायला शिकले होते. दादा तेव्हा रविवारी यायचा. त्याला काय माहीत, असं मनात आलंच. दोन दिवस मी फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी ती 'टिटिक' आठवली. ते घड्याळ! तेच लंबकाचं घड्याळ आता दादाच्या दिवाणखान्यात आहे. घड्याळ वेळ बरोबर दाखवत असेल तर त्याच्या ठोक्यांचा वेग चाळीस वर्षांपूर्वीही हाच असणार. वहिनीला फोन करून मिनिटभर ठोके मोजायला सांगितले. एकशे वीस. आठवड्यात पाच मिनिटं मागे पडतं म्हणाली. म्हणजे टक्क्याचा विसावा भाग, सोडून दिला.

मग पडद्यावर मोठं करून पाहिलं तर आई श्वास घ्यायला थांबते तिथे ठोके कंगव्याच्या दातांसारखे उभे दिसतात. सुरुवातीला मिनिटाला १२६, शेवटी १३८. वेग ५ टक्क्यांनी वाढलेला, शेवटी १५ टक्क्यांनी. स्वर शेवटी जवळजवळ अडीच पट्ट्या चढलेला.

इथे माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. १५ टक्के वाढलं म्हणून १५ टक्के कमी करायचं नसतं! १३८ चे १२० करायचे तर १३ टक्केच कमी करावे लागतात. सातवीच्या वर्गात हीच चूक मी लाल शाईने कितीदा कापली होती.

वेग बदलत जाणारा असल्याने एकच आकडा चालेना. 'स्लायडिंग स्ट्रेच'मध्ये सुरुवात आणि शेवट देऊन पाहिलं, पण ते मधला उतार सरळ रेषेत धरतं. सेल तसे उतरत नाहीत, बराच वेळ तग धरतात आणि मग कोसळतात. विसाव्या मिनिटाला सरळ रेषेने १३४ ठोके यायला हवेत, प्रत्यक्षात १३० होते. शेवटी 'टाइम ट्रॅक' सापडला. त्यात एक रेघ असते, तिच्यावर दर पाच मिनिटांनी खूण करून वेग देता येतो. शेवटची खूण ९० च्या खाली जाईना तेव्हा पुन्हा अडले. त्याची मर्यादा मुळात ९० ते ११० अशी असते, ती 'रेंज'मध्ये जाऊन ८० करावी लागली. मग ८७ बसले. तीस मिनिटांची बाजू बत्तीस मिनिटांहून थोडी जास्त झाली.

दार लावून ऐकलं. ठोके शांतपणे पडत होते, मिनिटाला एकशे वीस. आणि आई साठ वर्षांची, खणखणीत, भराभर बोलणारी. मध्येच कहाणी थांबवून मला म्हणते, "अगं दूध बघ, उतू जाईल. नुसती बसलीयेस काय!"

मी खरोखरच उठले. मग बसले.

हा आवाज मी विसरले होते. माझ्या कानाने ठरवलेला वेग सुरुवातीला खऱ्यापेक्षा सोळा टक्के संथ होता. सेवा करता करता तिचं आजारपणच मी तिचा स्वभाव समजून जपून ठेवलं होतं. दादाने चार वर्षं पाहिली नाहीत, पण त्याची आधीची आई शाबूत राहिली. ठाण्याला फोन लावला आणि म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तो म्हणाला, "अगं, शेवटची आई तुझ्याकडेच आहे ना. तीही मला हवीय. ती फाईल पुसू नकोस."

तेव्हा दोन्ही ठेवल्या आहेत. आणि मूळ, न बदललेली तिसरी. तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील तर मूळ प्रत आधी बाजूला ठेवा, आणि मागे एखादं घड्याळ वाजतंय का ते नीट ऐका.