ताई, तू बसूनच राहा!

"आळशी झालीयेस तू!" हे वाक्य मी ताईला चक्क तीनदा ऐकवलंय. एवढ्यावर न थांबता एका रविवारी पहाटे तिला उठवून शिवाजी पार्कला पळायला नेलं. मंगळवारी तिला केस विंचरायला हात वर करता येईना.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. त्यामुळे घरातला प्रत्येक जण डॉक्टर! शेवटी निदान झालं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. याची एकच अशी रक्ततपासणी नसते आणि श्रमांचा फटका बरेचदा १२ ते ४८ तासांनी बसतो, हे तेव्हा कळलं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने तर २०२१मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारसच मागे घेतली. म्हणजे माझं ते जॉगिंग... असो.

आता घरात ताकदीचा हिशेब असतो. आंघोळ झाली की अर्धा तास आडवं. भाजी बसूनच निवडायची. बरं वाटत असेल त्या दिवशीही निम्म्यावर थांबायचं, हे तिला सगळ्यात अवघड जातं. पाहुण्यांना 'आज नको' सांगायचं वाईटपण माझ्याकडे.

काल ऑफिसमधून आलो, तर म्हणाली, "दमलायस रे. चहा टाकू?"

"टाक," म्हटलं, "पण स्टूल घे."