चारोळीचं माप

किनवटच्या बाजाराची माझी सगळ्यात जुनी आठवण मिठाची आहे. उन्हाळ्यात पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कोलाम आदिवासी बाया चारोळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन पहाटेच डोंगर उतरायच्या. दुकानदार एक माप चारोळी घ्यायचा आणि त्याच मापाने मीठ द्यायचा. चारोळी घेताना माप शिगोशीग, मीठ देताना सपाट. हे 1960 नंतरचं सांगतोय, मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो.

माझे वडील शिक्षक. त्यांनी एकदा एका म्हातारीला विचारलं, ‘‘आजी, एवढ्या मिठावर कशी काय देता?’’ ती म्हणाली, ‘‘मास्तर, आमचं नशीबच तेवढं.’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो नव्हता, हेच मला आज जास्त टोचतं.

पुढे फार वर्षांनी ज्युडिथ श्क्लार या विदुषीचं अन्यायावरचं, 1990 साली आलेलं पुस्तक वाचलं. दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो, असं त्या विचारतात. ही रेघ बहुतेक वेळा सोसणारा ओढत नाही, ज्याचं त्यात काही बिघडत नाही तो ओढतो. समोर चाललेलं थांबवता येत असूनही जो गप्प राहतो, त्यालाही त्या अन्यायात धरतात. वाचताना मला तो दुकानदार आठवला नाही. पिशव्या हातात घेऊन पलीकडे उभे असलेले आम्ही आठवलो. घरी चारोळी घातलेलं श्रीखंड व्हायचं, तेही आठवलं.

अशाच एका पोडावर मी न्यायही पाहिला. कोलाम पोडाच्या मधोमध चावडी असते. वडिलांबरोबर एकदा गेलो तेव्हा एका बैलावरून तंटा बसला होता. पोडाचे प्रमुख, नाईक आणि महाजन, ऐकत होते. दुपार झाली, उन्हं कलली, तरी कुणी उठेना. ज्याची बाजू पडकी होती त्याला तीनदा बोलू दिलं. शेवटी ठरलं तेव्हा दोघंही मान हलवत होते. बाया मात्र दूर, कुडाला टेकून बसलेल्या, आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. ही आठवण गोड म्हणून सांगताना तेवढं गाळता येत नाही.

पण चावडीचा हात पोडाच्या कुंपणापर्यंतच पोचायचा. बाजारातलं माप, सावकाराची वही आणि जंगलखात्याची हद्द तिच्या पलीकडे. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढताना 1940 मध्ये कोमराम भीम मारले गेले, ते त्याच जिल्ह्यात. राजवट बदलली, भाषावार प्रांत झाले, तरी राखीव जंगलाच्या खुणेचे दगड तिथेच राहिले.

मग कायदे आले. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. त्याविरुद्ध जमीन घेणारे सर्वोच्च न्यायालयात गेले. 1984 मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि त्यात वितरणाच्या न्यायाचं उदाहरण पाहिलं. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली ही कल्पना अशी सातबाऱ्यापर्यंत पोचली, याचा मला फार आनंद वाटतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर प्रस्तावनेतच मान्य केलं, की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. म्हातारीने ज्याला नशीब म्हटलं, त्याला संसदेने अन्याय म्हटलं. माझ्या आयुष्यात घडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, असं मी मानतो.

आणि आज? मुडखेड-आदिलाबाद रेल्वे रुंद झाली. पोडांवरची पोरं आश्रमशाळेत शिकून पुढे गेली. कुणी चारोळी मिठाच्या मापाने देत नाही. पण वनहक्काच्या दाव्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते, कधी पुरावा अपुरा ठरतो, कधी मोजणीत शेत भलतीकडेच दाखवलं जातं. रेशन दुकानात बोटं झिजलेल्या म्हाताऱ्यांचा ठसा यंत्र घेत नाही आणि ‘सर्व्हर डाउन आहे’ हे ऐकून ती माणसं माघारी जातात. हे शब्द मला नव्या नशिबासारखे ऐकू येतात. कारण त्यात दोष कुणाचाच नसतो. अमर्त्य सेन यांनी 2009 च्या ग्रंथात नीती आणि न्याय असा फरक केला. नियम-संस्था नीट असणं ही नीती, माणसाच्या जगण्यात प्रत्यक्ष काय उतरलं हा न्याय. किनवटला तेव्हा नीतीच नव्हती. आता ती छापील आहे, पण पडक्या बाजूच्या माणसाला तीनदा बोलू देणारं कुणी सापडायला वेळ लागतो.

म्हणून वनहक्काच्या नियमांतली एक तरतूद मला फार जवळची वाटते. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेऊन तोही पुरावा धरता येतो. मागे एका ग्रामसभेत बसलो होतो. दावा एका आजोबांच्या शेजाऱ्याचा होता, आणि ते आजोबा त्याच्या बाजूने उभे राहिले. शेताची हद्द ते झाडांवरून सांगू लागले. पहिला मोह, मग नाल्याकाठचा येन, मग विहिरीपाशी वाळलेलं बिब्याचं खोड, जिथे त्या घरचे देव आहेत. वनहक्क समितीतली एक पोरगी वहीत लिहीत होती. म्हाताऱ्याचा वेग तिला पुरेना.

‘‘आजोबा, थांबा जरा. सावकाश सांगा, एकपण झाड सुटायला नको.’’

आजोबा थांबले. मग पहिल्या मोहापासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.