पोयसरच्या ओसरीवरील गिटार

मालाड मागें पडलें कीं गाडींतील मंडळी दाराकडे सरकूं लागतात, आणि त्या लोंढ्याबरोबरच आपणहि कांदिवलीच्या फलाटावर येऊन पडतों. पश्चिमेस, पोयसरच्या बाजूस, पोर्तुगीज अमदानींतलें रेमेडीज मातेचें चर्च आहे. त्या बाजूस ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती. हें इंग्रजी नांव त्यांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं घेतलें; घरची बोली मात्र मराठीच राहिली.

ह्या वस्तींतील एका शिक्षकांकडे आमचा दहाणूकरवाडींतील भाचा गिटार शिकतो. पेटी सोडून त्यानें ही गिटार धरली आणि घरांत धुसफूस सुरू झाली. "पडद्यांत जखडलेल्या वाद्यांत मींड नाहीं, मींड नाहीं तेथें भाव कसला?" हा मेहुण्यांचा सवाल. (पेटींत तरी मींड कोठें आहे? अशाच उणिवांवर बोट ठेवून १९४० सालीं रेडिओनें तिला मज्जाव केला. ती बंदी सैल झाली १९७१ सालीं. पण मेहुण्यांपुढें हें बोलण्याची सोय नव्हती.) निवाड्यासाठीं आम्हांस बोलावणें आलें, आणि एका रविवारीं संध्याकाळीं मेहुण्यांसह आम्ही शिक्षकांच्या ओसरीवर जाऊन बसलों.

भाच्यानें वाजविलेली गत शब्दांवांचूनची, साधी होती. मिनिटास सुमारें ७० मात्रा, चारचारांचे खंड. आंगठा जाड तारांवर सावकाश पाऊल टाकल्यासारखा चाले आणि तीन बोटें बारीक तारा छेडीत. षड्ज पांढरी पांच. येथें एक मौज आमच्या ध्यानांत आली. हा षड्ज धरल्यास गिटारीच्या सहा मोकळ्या तारा खालून वर ध, रे, प, सा, ग, ध अशा लागतात. म्हणजे कोठेंहि बोट न दाबतां भूपाचे पांचहि सूर हजर! मेहुणे भूपाचे भक्त. ते सरसावून बसले.

पुढें आंगठ्यानें सर्वांत जाड तारेवर, त्या खालच्या धैवतावर, ठाण मांडलें. तेच पांच सूर, तीच लय. परंतु कान आतां धैवतासच षड्ज मानूं लागला, आणि भूपाचा धानी झाला. मघांचें स्वच्छ ऊन जाऊन दिवेलागणीची हुरहुर आली. आपल्या शास्त्रांत ह्यास मूर्च्छनाभेद म्हणतात. संथ गत म्हणजे उदास गत, अशी जी समजूत आहे ती येथें टिकत नाहीं. लय तसूभरहि हलली नव्हती, हलला होता तो षड्ज.

मींडेचा आक्षेप मात्र खोटा नव्हे. तार आडवी ओढून सूर थोडा चढवितां येतो, पण आंदोलित गांधाराची आशा ह्या वाद्याकडून धरूं नये. अली अकबर खांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा ह्यांनीं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि बोटांनीं तारा दाबण्याऐवजीं त्यांवरून धातूचा दांडा फिरविला, तेव्हां तिच्यांतून मनासारखी मींड निघाली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासह त्यांनीं वाजविलेली १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल; तींतहि भूप आहे.

आम्ही हें सांगत असतां मेहुणे गप्प होते. मग त्यांनीं शिक्षकांस विचारलें, "तो खालचा धैवत पुन्हां ऐकवाल का?" मुलाकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. वाजविलें मुलानेंच.

२०२२ पासून ज्यावरून मेट्रो धांवते त्या दहाणूकरवाडीच्या पुलाखालून परततांना ते एकदम म्हणाले, "पेटी माळ्यावर टाकूं नकोस. तूं भूप वाजवशील तेव्हां मी धरीन."