बिऱ्हाड पाठीवर

बीदरहून हुमनाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे हळ्ळीखेड (बी) लागते. नावाची एक गंमत आहे. कानडीत ‘हळ्ळी’ म्हणजे गाव आणि मराठीत ‘खेड’ म्हणजेही गाव. कंसातली ‘बी’ आहे ती बुद्रुकची, म्हणजे मुळातल्या फारसी ‘बुजुर्ग’ची. तीन भाषांनी मिळून एका गावाला हाक मारावी, तसे हे नाव. निजामाच्या हैदराबादेतून १९५६ साली म्हैसूर राज्यात आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव बदलल्यावर कर्नाटकात, असा प्रवास गावाने जागा न सोडता केला. माणसांना मात्र प्रवासासाठी वाहन लागते, आणि ते कोणते असावे या प्रश्नाने गेल्या हिवाळ्यात आमचे घर दोन महिने व्यापून टाकले होते.

निमित्त झाले आईच्या इच्छेचे. तिचे वय आता अठ्ठ्याऐंशी. दत्तजयंतीला माणिकनगरी, तेथून गाणगापूरला आणि पुढे जमेल तर हंपीपर्यंत जाऊन यावे, असे तिच्या मनात होते. तिचे गुडघे धरलेले. रात्री दोनतीनदा उठावे लागते. यात्रेच्या गर्दीत धर्मशाळेच्या पायऱ्या आणि अंगणापलीकडची मोरी तिला झेपणे शक्य नव्हते. हैदराबादेस असलेला माझा पुतण्या म्हणाला, “काका, आपण घरच बरोबर नेऊ.”

तो ज्याबद्दल बोलत होता ती वस्तू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पिकअप गाडीच्या मागे जो उघडा हौदा असतो, त्यात बसणारी एक खोली असते. आत झोपण्याची जागा, लहानसा ओटा, पाण्याची टाकी. सफर संपली की खोली चार पायांवर उभी करायची आणि गाडी खालून काढून घ्यायची. यातल्या एका प्रकाराचे छप्पर वर उचलले जाते. वाटेत ते मिटलेले असते. मुक्कामाला हाताने उचलले की भोवती जाड कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. अमेरिकेत ‘फोर व्हील कॅम्पर्स’ नावाची कंपनी १९७२ पासून अशा खोल्या करीत आली आहे.

आईने हे सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “यात नवे काय? तुझ्या आजोबांची गाडी अशीच होती.” नवी सून म्हणून ती गाणगापूरला गेली ती बैलगाडीतून. गाडीवर बांबूच्या कामट्यांच्या कमानी, वर तट्ट्या आणि घोंगडी. वाटेत लिंबाच्या फांद्या खाली आलेल्या असत, वारा आडवा लागे, म्हणून आजोबा दिवसा कमानी उतरवून गाडीत आडव्या ठेवीत आणि मुक्कामाला पुन्हा लावीत. चारपाच मुक्काम पडले. ऊसतोडीला येणाऱ्या मंडळींचेही हेच शास्त्र. कोपीचे तट्टे गुंडाळून गाडीवर टाकले की घर निघाले, आणि फडाजवळ उभे केले की घर आले. त्यांच्या पाठीवरचे बिऱ्हाड पोटासाठी असते, आमचे हौसेसाठी. हा फरक विसरू नये एवढे भान ठेवून आम्ही निवडीला लागलो.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, चारी बाजूंनी पक्क्या भिंतींची उंच खोली. दुसरा, उचलत्या छपराची. तिसरा, हौद्यावर नुसते ताडपत्रीचे छत आणि टपावर उघडणारा तंबू. तिसरा सर्वांत हलका आणि स्वस्त, पण टपावर शिडीने चढावे लागते. आईसाठी तो त्याच क्षणी बाद झाला. राहिले दोन. पुतण्याचा ओढा पक्क्या खोलीकडे होता. तिच्यात ऊन, थंडी, आवाज यांपासून बचाव जास्त, आणि रोज छप्पर उचलण्याची यातायात नाही. कापडी भिंतींचे दोष खरेच आहेत. उन्हाळ्यात कलबुर्गीकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कापड तापते. थंडीत माणसांच्या श्वासाने आतून दव धरते. आणि पावसात ओले छप्पर तसेच मिटले तर दोन दिवसांत कापडाला बुरशी येते. हे सारे कबूल करूनही वहीत आकडे मांडले तेव्हा वेगळेच उत्तर आले.

या बाबतीत पहिला प्रश्न वजनाचा असतो, आणि त्याचे उत्तर गाडीच्या नोंदणीपुस्तकातच मिळते. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन, असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ते आपले. त्यातच माणसे, पाणी, खोली आणि भांडीकुंडी यायची. खासगी नोंदणीच्या, दिसायला भक्कम अशा काही पिकअप गाड्यांची ही बाकी त्यांच्या देहाकडे पाहून वाटते त्याहून पुष्कळ कमी निघते. म्हणून रूपावर न जाता पुस्तक पाहावे. आमच्या डोळ्यांपुढे महिंद्राची बोलेरो कॅम्पर होती. नाव कॅम्पर असले तरी ती दोन ओळींत माणसे बसवणारी आणि मागे हौदा असणारी मालवाहू गाडी आहे. तिची बाकी सुमारे एक हजार किलो धरली.

त्यातला पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा, असे मी ठरवले. खड्ड्यांचा रस्ता आणि जुने होत जाणारे पाटे यांना तेवढी सवलत द्यायलाच हवी. म्हणजे मर्यादा ८०० किलोंची. उचलत्या छपराची हलकी खोली सुमारे ४२० किलो. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. साधी शिशाची बॅटरी २८, लहान सिलिंडर व शेगडी १३, अंथरूण-पांघरूण २५, धान्य व भांडी ४०, नेता येण्याजोगा संडास २०, स्टेपनी, जॅक व हत्यारे ३५, बाहेरचे छत, टेबल व खुर्च्या ३०, माझी पुस्तके १०. आई, मी, पत्नी आणि पुतण्या, अशी चार माणसे मिळून २४०. बेरीज ९२१. पक्की खोली घेतली असती तर ४२० च्या जागी ७०० धरावे लागले असते, आणि बेरीज १२०१ वर जाऊन गाडीची कायदेशीर मर्यादाच ओलांडली असती. पुतण्याने वही दोनदा तपासली आणि पक्क्या खोलीचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. अंगणात खडूने खोलीचे माप आखले. अशा खोल्यांत मुख्य बिछाना चालकाच्या टपावर पुढे आलेला असतो आणि तेथे चढून जावे लागते. आईसाठी खालचा बाक हाच पलंग व्हायला हवा होता, आणि तो पाच फुटांहून लांब होत नव्हता. आई खडूच्या रेघांत सतरंजी टाकून आडवी झाली. तिची उंची चार फूट दहा इंच. “उंचीवरून आयुष्यभर बोलणी खाल्ली, आज ती कामाला आली,” असे म्हणून ती हसली. उशापासून संडासापर्यंत दोन पावले आणि उतरताना धरायला दांडा, एवढे साधले की खोली तिची झाली. छप्पर उचलण्याचे काम मात्र तरुणाचेच. गॅसच्या दट्ट्यांची मदत असली तरी चारी कोपऱ्यांनी जोर लावावा लागतो. म्हणून छपरावर सामान ठेवायचे नाही, असा नियम केला.

तिसरा प्रश्न कायद्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसांनी बसून प्रवास करणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाला तर अशा प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. तेव्हा गाडी चालू असताना सर्वांनी पुढच्या कॅबमधल्या नोंदलेल्या आसनांवरच बसायचे. जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी नोंदणीस ग्राह्य नाही, असेही स्पष्ट केले. कायम जडवलेल्या निवासी गाडीसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. आमची खोली उतरवता येणारी. ती कोणत्या अटींवर नेता येईल, हे परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे ठरले. मालवाहू नोंदणीचा कर आणि फिटनेसचे नियम वेगळे असतात, आणि आम्हा सीमाभागातल्या लोकांना राज्याची हद्द तासाभरात ओलांडावी लागते. तेव्हा ही चौकशी आळसाने टाळू नये.

आकडे जुळले, तरी अनुभव हवा होता. शेजारच्या तूर व्यापाऱ्याची कॅम्पर दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि पन्नास किलोंची अकरा ज्वारीची पोती हौद्यात रचली. उसाच्या मुलखात वजनकाट्याला तोटा नाही. आधी सगळी गाडी काट्यावर घेतली, मग फक्त पुढची चाके, मग फक्त मागची. मुद्दाम पोती फाळक्याकडे ओढून ठेवली होती. पुढच्या चाकांवरचा भार इतका घटला की सुकाणू हाताला हलके लागू लागले आणि वळणावर गाडी डुलू लागली. गाडीवानांच्या भाषेत याला एकच शब्द आहे: उलाळ. मागे ओझे झाले की धुरा वर उचलते आणि बैलांचा गळा आवळतो. पोती आसाच्या पुढे सरकवली आणि गाडी शहाणी झाली. खोलीतली पाण्याची टाकी व बॅटरी आसाच्या पुढेच हवी, आणि फाळक्याबाहेर लोंबणारी खोली नको, हे त्या दिवशी कळले.

पोती तशीच ठेवून आम्ही गाणगापूरला निघालो. आई पुढे खिडकीशी. बरोबर दहा फुटांचा एक बांबू घेतला होता. त्यावर दोन खुणा केल्या होत्या, मिटलेल्या छपराची आणि पक्क्या खोलीची. माणिकनगरी माणिकप्रभूंच्या समाधीचे दर्शन घेतले. प्रभूंनी १८६५ साली समाधी घेतली. मराठी, कानडी, उर्दू बोलणारी माणसे तेथे एकाच रांगेत उभी असतात. पुढे कमलापूर आणि कलबुर्गी. तुरीची काढणी आटोपलेली, काळ्या रानात धसकटे उभी. प्रत्येक अरुंद गल्लीत, वाकलेल्या तारेखाली किंवा फांदीखाली पुतण्या उतरून बांबू उभा धरी. वरची खूण जेथे अडकली त्या प्रत्येक जागी खालची खूण निर्वेध गेली. आजोबा दिवसा कमानी का उतरवीत, याचे उत्तर त्या बांबूने दिले.

गाणगापुरी भीमा-अमरजा संगमावर सपाट जागा होती. खोली उभी राहील ती येथेच, असे ठरवून तेथे गाडी लावली. दुपारी गावात निर्गुण पादुकांच्या मठाशी माधुकरीची गर्दी होती. आईने झोळीत भाकरीचा तुकडा घेतला, चारदोन दारे फिरली आणि पायरीवर बसून राहिली. रात्री मात्र खोली नव्हती, आणि मुक्काम धर्मशाळेतच करावा लागला. पायऱ्या चढताना तिने माझा खांदा धरला. मध्यरात्री मोरीकडे जाताना दोनदा थांबली. पहाटे म्हणाली, “अरे, आणायची असेल तर लवकर आण ती खोली. पुढल्या वर्षीचे माझ्या हाती नाही.”

परत आल्यावर यादी तिच्यापुढे ठेवली. ९२१ चे ८०० करायचे, म्हणजे १२१ किलो घरी ठेवायचे. लिथियमची हलकी बॅटरी घेतल्याने १६ गेले. बाहेरचे छत व खुर्च्या जाऊन एक सतरंजी आणि घडीचे स्टूल राहिले, तेव्हा २५. वाटेत प्रत्येक गावी नळ आहे, म्हणून पाणी निम्मे, ३०. धान्य-भांड्यांतून २०, अंथरुणातून १०, हत्यारांतून १०, आणि माझी पुस्तके सगळी, १०. संडासाला कोणी हात लावला नाही. बेरीज बरोबर ८०० झाली आणि मी वही मिटली.

आईने ती उघडायला लावली. “काठवट कुठे आहे? ताटात मळलेली भाकरी मला चालत नाही.” काठवट तागडीत घातली, ती दोन किलो भरली. यादी ८०२ झाली. मी माझा जाड कोट काढून ठेवला, आणि परिवहन कार्यालयाला द्यायचा अर्ज लिहायला बसलो.