पुकीनातला बाप

तितिकाका सरोवराच्या परिसरात, आजच्या पेरू-बोलिव्हियात, एकेकाळी पुकीना बोलली जाई. सोळाव्या शतकात स्पॅनिश राज्यकर्ते तिला क्वेचुआ आणि आयमाराच्या बरोबरीनं पेरूची 'सामान्य भाषा' मानत. आज ती कुणी बोलत नाही. तिचा मुख्य लिखित पुरावा एकच: हेरोनिमो दे ओरे या फ्रान्सिस्कन पाद्र्याचं १६०७ साली नेपल्सला छापलेलं पुस्तक. त्यातली पुकीना ख्रिस्ती प्रार्थनांची आणि धर्मशिक्षणाची.

'इकी' म्हणजे बाप, हे मला कळतं ते प्रार्थनेतल्या स्वर्गातल्या बापामुळे. घरातला बाप पोरांवर चिडला की काय बोले, हे त्या पानांत नाही. लोकांचे देव बदलायला निघालेल्या पुस्तकानंच त्यांची भाषा थोडीफार राखली. त्याचे आभार मानावेत की राग धरावा, मला ठरवता येत नाही.

बोलिव्हियातल्या कायावाया वैदूंनी मात्र आपल्या धंद्याच्या गुप्त बोलीत पुकीनाचे बरेच शब्द सांभाळले. व्याकरण बहुतांशी क्वेचुआचं. ही बोली शिकवायचा बाप, मुलाला, औषधाच्या विद्येबरोबर. पुकीनातल्या घरच्या बापाचा एवढाच माग मला लागतो.